टक्केवारीबाहेरचा शेतमजूर

'ईएसजी' हा शब्द आता शेअर बाजारातून सरकारी उपक्रमांच्या कार्यालयांत पोहोचला आहे. पर्यावरण, समाज आणि कारभार यांबाबत कंपनी कशी वागते, हे तिने जाहीर करायचे. सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केला. कोल इंडिया २०१० पासून शेअर बाजारात आहे. नागपूरची वेकोलि ही तिचीच उपकंपनी, आणि वेकोलिच्या खाणी आहेत आपल्या वणी तालुक्यात. म्हणजे हा विषय उकणी, निलजई, कोलारपिंपरीचाही आहे.

कपाशीवर बसणाऱ्या कोळशाच्या धुळीबद्दल सगळेच बोलतात. मला बोलायचे आहे ते अहवालातील एका रकान्याबद्दल. प्रकल्पग्रस्त कुटुंबे किती आणि त्यांतील किती टक्के पुनर्वसनाखाली आली, असे तो रकाना विचारतो. सगळी गोम इथेच आहे. प्रकल्पग्रस्त म्हणायचे कोणाला? कोल इंडियाच्या २०१२ च्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी आहे. म्हणजे ज्याचा सातबारा त्याची नोकरी! जे बौद्ध, मातंग, कोलाम घर त्याच शेतात निंदण आणि कापूसवेचणी करून जगले, त्याला काय? लहानसहान कंत्राट, नाहीतर ठेकेदाराकडे प्राधान्याने काम. आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावर आरक्षण चालत नाही, हे का सांगायला हवे? असे घर यादीतच घेतले नाही, तर शंभर टक्के पुनर्वसन दाखवायला कितीसा वेळ लागतो!

कायदा मात्र वेगळे सांगतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार, संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात राबणारा आणि संपादनामुळे ज्याची उपजीविका जाते तो शेतमजूर, जमीन नसली तरी, 'बाधित कुटुंब' ठरतो. यावर अधिकारी म्हणतील, आम्ही जमीन १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली घेतो. खरे आहे. पण केंद्राच्या २८ ऑगस्ट २०१५ च्या आदेशाने २०१३ च्या कायद्यातील मोबदला व पुनर्वसनाच्या तरतुदी त्या कायद्यालाही लागू झाल्या. त्यांत नोकरी, एकरकमी ५ लाख रुपये किंवा २० वर्षे दरमहा किमान २ हजार असे पर्याय आहेत.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४४ च्या वटहुकुमाने कोळशावर उपकर बसला आणि त्यातून खाणकामगारांचा कल्याण निधी उभा राहिला. तिथे हक्क राबणाऱ्याचा मोजला गेला, मालकीचा नव्हे.

वणी परिसरातील कार्यकर्त्यांनी आता माहिती अधिकारात एवढेच मागावे: प्रत्येक खाणीची बाधित कुटुंबांची यादी, त्यातील भूमिहीन किती, अनुसूचित जाती-जमातींचे किती, आणि कोणाला कोणता पर्याय दिला. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही.