पृष्ठद्रव्ये, गृहशोभनातील

भिंत, जमीन, तक्तपोशी व अंगभूत फर्निचर यांच्या दर्शनी भागावर संरक्षणासाठी किंवा शोभेसाठी चढविण्यात येणाऱ्या द्रव्यांस पृष्ठद्रव्ये म्हणतात. गिलावा, रंगलेप, फरशी, लाकडाचा पातळ पापुद्रा, स्तरित प्लॅस्टिकचे पत्रे इत्यादींचा त्यांत अंतर्भाव होतो. ही द्रव्ये वास्तूचा भार पेलत नाहीत; तथापि ओल, घर्षण, धूळ व कीटक यांचा पहिला आघात त्यांच्यावरच होतो. यांपैकी बरीच द्रव्ये दुर्मिळ वा महाग वस्तूला पर्याय शोधण्याच्या प्रयत्नातून पुढे आली. पर्यायी द्रव्याचा टिकाऊपणा मात्र त्याच्या स्वतःच्या गुणधर्मांइतकाच त्याखालील आधारावर व स्थानिक हवामानावर अवलंबून असतो.

पारंपरिक द्रव्ये : मराठवाड्यात या कलेची परंपरा प्राचीन आहे. अजिंठा येथील बेसाल्टच्या खडबडीत भिंतींवर भाताचा तूस व वनस्पतींचे तंतू मिसळलेल्या मातीचा गिलावा देऊन त्यावर चुन्याचा पातळ थर चढविला व मग चित्रे रंगविली. वेरूळ येथील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथील सतराव्या शतकातील बीबी का मकबरा या वास्तूत संगमरवराचा वापर मर्यादित असून बराचसा भाग चुन्याच्या गुळगुळीत, शुभ्र गिलाव्याने आच्छादिलेला आहे.

नांदेड जिल्ह्यातील बिलोली हे तेलंगणाच्या सीमेलगतचे तालुक्याचे ठिकाण. जिल्ह्याचा बराचसा भाग बेसाल्टने व्यापलेला असला, तरी बिलोली-देगलूरच्या बाजूस ग्रॅनाइट व नाइस हे अधिक प्राचीन खडक उघडे पडलेले आहेत. अशा प्रदेशातील जुन्या माळवदाच्या घरांत भिंती पांढऱ्या मातीने लिंपीत व जमीन चोपून शेणाने सारवीत. शेणातील तंतूंमुळे मातीला कमी भेगा पडतात व धूळ बसते. मात्र सारवण वारंवार करावे लागते. ऐपतदारांच्या वाड्यांत घाणीत मळलेल्या चुन्याचा गिलावा असे. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून चुना हळूहळू कठीण होतो आणि भिंतीतील ओल त्यातून बाहेर पडू शकते.

पुढे शहाबादी फरशीचा प्रसार झाला. ही कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) जिल्ह्यातील चुनखडकाची लादी होय. हा जिल्हा व मराठवाडा हे दोन्ही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. ती धुता येते व उन्हाळ्यात थंड राहते. पण चिंच, लिंबू यांसारख्या आम्ल पदार्थांमुळे तिची झिलई जाते. ग्रॅनाइटवर अशा पदार्थांचा सहसा परिणाम होत नाही. म्हणून स्वयंपाकाच्या ओट्यासाठी तो अधिक उपयुक्त ठरला.

औद्योगिक द्रव्ये : मुंबईत १९२२ मध्ये स्थापन झालेल्या ‘भारत टाइल्स’ने सिमेंटच्या रंगीत, नक्षीदार लाद्या बनविल्या व आयात लाद्यांना स्वदेशी पर्याय दिला. या लाद्या भाजीत नाहीत; रंगीत सिमेंटचा थर साच्यात दाबून घट्ट करतात. अमेरिकेत १९१३ मध्ये विद्युत् निरोधनासाठी अभ्रकाऐवजी वापरण्याचे द्रव्य म्हणून ‘फॉर्मायका’ पुढे आले आणि नंतर ते टेबले व कपाटांवर चढले. रेझिनात भिजविलेल्या कागदांचे थर उष्णता व दाब यांखाली एकजीव करून असे पत्रे तयार करतात. मराठीत ‘सनमायका’ हे व्यापारी नाव त्यांना सामान्यनामासारखे रूढ झाले आहे. अलीकडील काचित (व्हिट्रिफाइड) लाद्या अत्यल्प, सामान्यतः ०·५ टक्क्याहून कमी, पाणी शोषतात.

निवड व मर्यादा : काळी माती ओलीने फुगते व वाळल्यावर आकसते. तीवर मुरमाची पुरेशी भर न घालता बसविलेली लादी, ती कितीही उत्तम असली, तरी उचलली जाते वा तडकते. मातीच्या किंवा चुन्याच्या ओलसर भिंतीवर हवाबंद रंगलेप दिल्यास ओल आत कोंडते, क्षार साचतात व रंगाचे पापुद्रे सुटतात. प्लायवुड व तंतुफलकांतील काही आसंजकांतून (चिकट द्रव्यांतून) फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो. तो कर्करोगकारक मानला जात असल्याने अशा खोल्यांत वायुवीजन आवश्यक असते. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम भारतात २०१६ मध्ये करण्यात आला.

पृष्ठावरणामुळे वास्तूचे दोष झाकले जातात, ही त्याची सर्वांत गंभीर मर्यादा होय. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी (जि. लातूर) भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरील मातीची जड माळवदे कोसळून हजारो लोक मृत्युमुखी पडले. भिंतीच्या दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांत गुंतविणारे आरपार दगड पुरेसे नसल्यास ती भूकंपात दुभंगते. वरून गिलावा नीटनेटका असल्यास ही उणीव दिसत नाही. म्हणून जुन्या घरात नवे पृष्ठद्रव्य चढविण्यापूर्वी भिंतीची बांधणी, ओलीचा उगम व छताचे वजन यांची तपासणी करणे इष्ट ठरते.