न मागितलेली हवा

सिरोंचात गाडीच्या दुरुस्तीचा हिशेब अंतरावरून सुरू होतो. जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली 200 किलोमीटरच्या पुढे, आलापल्ली 100 च्या आसपास, आणि तो रस्ताही खड्ड्यांसाठी गाजलेला. त्यापेक्षा प्राणहितेपलीकडचं तेलंगणातलं मंचेरियाल जवळ. अशा गावात अंदाजाने पार्ट बदलून बघणं परवडत नाही. अंदाज चुकला की पैसेही जातात आणि खेपही. ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन उगाच रेस घेत राहतं, म्हणजे आयडल वाढतो, तेव्हा नेमकं हेच घडतं: कोणी सेन्सर बदलतो, कोणी थ्रॉटल बॉडी. खरं तर एका प्रश्नाने अर्धा शोध संपतो. इंजिनात शिरणारी जादा हवा गाडीच्या कॉम्प्युटरने मागितली आहे, की ती न मागता येते आहे?

प्रश्न हवेचा, कारण पेट्रोल इंजिनाचा वेग हवेवर ठरतो. पाय उचलला की थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, लागेल तेवढीच हवा आत सोडतो. तापलेलं इंजिन मग साधारण 700 ते 900 आरपीएमवर स्थिरावतं. सकाळी थंड इंजिन काही मिनिटं 1200-1500 वर फिरणं किंवा एसी लावल्यावर आयडल थोडा चढणं हा दोष नव्हे. इंजिन पुरतं तापल्यावर, एसी बंद असतानाही काटा हजाराच्या बराच वर राहिला, तर मात्र कारण शोधायला हवं. इथे एक गैरसमज फार नडतो. इंजिन थरथरत नाही, मिसफायर करत नाही, म्हणजे हवेची गळती नाही, असं धरलं जातं. पण अनेक छोट्या गाड्यांत ईसीयू हवेचं प्रमाण इनटेक मॅनिफोल्डमधल्या दाबावरून काढतो. चोरवाटेने हवा आली की दाब वाढतो, ईसीयू तिच्या मापाने पेट्रोलही सोडतो, आणि इंजिन अगदी गुळगुळीत, पण वेगाने फिरत राहतं.

न मागितलेल्या हवेच्या वाटा मोजक्याच असतात: मॅनिफोल्डचं गॅस्केट, त्याला जोडलेले रबरी पाइप, ब्रेक बूस्टरचा पाइप, अडकलेली ॲक्सिलरेटर केबल, पूर्ण न मिटणारी झडप. सिरोंचाच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. रबर कडक होऊन तडकायला ते पुरेसं आहे. उभ्या गाडीत उंदीर शिरले तर पाइप कुरतडलेही जातात. तपासायला यंत्र लागत नाही. केबलला किंचित ढील आहे ना, ते आधी पाहावं. मग इंजिन चालू ठेवून एकेक पाइप चिमट्याने अलगद दाबावा. ज्याच्या दाबण्याने वेग झपकन उतरतो, त्या पाइपच्या पुढेमागे शोध घ्यावा. सांध्यांवर कार्ब क्लीनर फवारण्याची पद्धत सर्रास आहे, पण तो पेट घेतो. गरम इंजिनावर पाण्याचा बारीक फवारा, वायरिंग टाळून, अधिक सुरक्षित.

हवा ईसीयूनेच मागितली असेल, तर त्याला इंजिन थंड वाटतंय का, हे पाहावं. उष्ण भागात याचं एक कारण माणसानेच तयार केलेलं असतं. गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकतात. ही झडप साधारण 82 ते 88 अंशांना उघडते. ती नसली की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं आणि हिवाळ्यात किंवा मोकळ्या रस्त्यावर इंजिन पुरतं तापतच नाही. ईसीयू मग थंड इंजिनाचा चढा आयडल आणि जादा पेट्रोल चालू ठेवतो. कूलंट कमी होऊन सेन्सरभोवती हवा साचली तरी त्याला तापमान कमीच दिसू शकतं. उन्हाळ्याचं भय खरं आहे, पण त्यावर उपाय रेडिएटर, पंखा आणि कूलंट नीट ठेवणं हा आहे.

स्क्रू फिरवला की आयडल उतरतो, मग एवढा खटाटोप कशाला, असं कोणी म्हणेल. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत तो स्क्रू त्यासाठीच होता. इंजेक्शनच्या गाडीत झडपेचा स्टॉप स्क्रू कारखान्यातच बसवलेला असतो. तो हलवला की झडप कुठे मिटते याचा ईसीयूचा हिशेब बिघडतो आणि मूळ भोक तसंच राहतं. 'थोडा वाढलाय, चालतंय' हेही मान्य करता येत नाही. पेट्रोल जास्त जळतं, गिअरमधली गाडी पुढे रेटते, आणि गळती ब्रेक बूस्टरच्या पाइपला असेल तर ब्रेक दाबायला जड जातो. जंगलातल्या वळणांवर ही जोखीम नको. डिझेल जीपला मात्र यातलं बरंचसं लागू नाही: तिथे वेग इंधनावर ठरतो, म्हणून जुन्या जीपमध्ये आधी पंपाचा लिव्हर आणि केबल बघतात.

स्कॅनरशिवाय, म्हणजे ईसीयूला जोडायच्या तपासणी यंत्राशिवाय, हे जमेल का? बहुतेक वेळा जमतं. पण जिथे झडप केबलऐवजी मोटरने हलते, तिथे थ्रॉटल साफ केल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर ईसीयूला आयडल नव्याने शिकावा लागतो. काही गाड्या तो आपोआप शिकतात, काहींना स्कॅनर लागतोच. म्हणून थ्रॉटल उघडायला देण्याआधीच मिस्त्रीला विचारावं, त्याच्याकडे तो आहे का.