हजार मीटरची रेघ आणि दोन तारखा

सर्व्हे ऑफ इंडियाचा मुळशीचा नकाशा टेबलावर पसरला की आधी डोळ्यांत भरतात त्या तपकिरी रेघा. समोच्च रेषा. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशात दर 20 मीटर उंचीला एक, आणि दर पाचवी जरा जाड. कड्यापाशी त्या एकमेकींना इतक्या चिकटतात की नुसता तपकिरी पट्टा दिसतो. धरणाकाठी मात्र ऐसपैस सुटतात. या जाड रेघांतली एक हजार मीटरची. डोंगरात ती कुठेच आखलेली नाही. कारवीतून वाट काढणारा माणूस ती ओलांडतो आणि त्याला कळतही नाही. पण मुळशीच्या डोंगरात उभारलेल्या लवासा या खासगी शहराचा वाद दिल्लीला गेला तो या न दिसणाऱ्या रेघेला धरून!

झालं असं, की केंद्राच्या 1994 च्या अधिसूचनेप्रमाणे हजार मीटरच्या वर पाच कोटींहून जास्त गुंतवणुकीचा पर्यटन प्रकल्प उभारायचा तर केंद्राची पर्यावरण मंजुरी, म्हणजे बोलीभाषेतली ‘ईसी’, आधी लागायची. कंपनीचं म्हणणं, आमचं बांधकाम त्या रेघेच्या खाली आहे, आणि राज्याची मंजुरी आमच्याकडे आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं म्हणणं वेगळं होतं. 2004 ची दुरुस्ती आणि 2006 ची नवी अधिसूचना यांनी उंचीखेरीज प्रकल्पाचा आकारही मोजायला घेतला होता. म्हणजे डोंगर जागचा हलला नाही, मोजपट्टी मात्र बदलली. धंद्यातली ही जोखीम मला सगळ्यांत थक्क करते. कारखान्याला आग लागली तर धूर दिसतो, पण राजपत्रातला एक परिच्छेद बदलला तर साइटवर काहीच दिसत नाही. मिक्सर फिरतच राहतो.

25 नोव्हेंबर 2010 ला मंत्रालयाची कारणे दाखवा नोटीस आली आणि काम थांबलं. दोनेक महिने आधी कंपनीने सुमारे 2,000 कोटींच्या आयपीओची कागदपत्रं सेबीकडे दिली होती. ती शेअरविक्री झालीच नाही. पुढे 9 नोव्हेंबर 2011 ला पहिल्या 2,000 हेक्टरांच्या टप्प्याला मंजुरी मिळाली, पण अटी घालून. मधलं जवळपास एक वर्ष कर्जावरचं व्याज थोडंच थांबणार होतं?

इथे खरा प्रश्न निघतो तो काळाचा. बांधकाम आधी आणि परवानगी मागाहून, हे चालतं का? सर्वोच्च न्यायालयाने 16 मे 2025 ला, मुंबईच्या ‘वनशक्ती’ संस्थेच्या प्रकरणात, ‘नाही’ असं स्पष्ट सांगितलं. मागाहून मंजुरी देण्याची वाट उघडणारी 2017 ची अधिसूचना आणि 2021 चं परिपत्रक, दोन्ही रद्द केली. आधी दिलेल्या मंजुऱ्यांना मात्र हात लावला नाही. आणि सहा महिन्यांनी, 18 नोव्हेंबर 2025 ला, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी तो निकाल मागे घेतला. नाहीतर उभे राहिलेले मोठे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील, ही बहुमताची काळजी होती. विरोधात मत देणारे न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान मेच्या निकालातही होते. एकाच वर्षात एकाच प्रश्नाला एकाच न्यायालयातून दोन उत्तरं आली! मेमध्ये ‘नाही’ ऐकून बँकेत गेलेला आणि डिसेंबरमध्ये गेलेला, दोघांच्या प्रकल्पाची किंमत वेगळी. माझं स्वतःचं मत मेच्या निकालाच्या बाजूचं आहे. डोंगर एकदा फोडला की मंजुरीच्या कागदाने तो सांधत नाही.

काळ तक्रार करणाऱ्यालाही सोडत नाही. लवासाला दिलेल्या परवानग्यांविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये निकाली काढली. दाद मागायला फार उशीर झाला, हे त्यातलं मुख्य कारण.

मग पैशांचं काय झालं? 30 ऑगस्ट 2018 ला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने लवासा कॉर्पोरेशनची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू केली. ती सुरू झाली की कंपनीवरचे दावे आणि वसुल्या जागच्या जागी गोठतात आणि सूत्रं धनकोंच्या समितीकडे जातात. कर्जफेडीची योजना मंजूर व्हायला समितीत 66 टक्के मतं लागतात. घर घेणाऱ्यांना या समितीत जागा मिळाली ती 6 जून 2018 च्या वटहुकमाने, म्हणजे लवासाची प्रक्रिया सुरू होण्याच्या तीन महिने आधीसुद्धा नाही. नशीब म्हणायचं ते हेच. कायद्यात या सगळ्याला 330 दिवसांची मर्यादा आहे. लवासाची 1,814 कोटींची, आठ वर्षांत फेडायची योजना मंजूर व्हायला जुलै 2023 उजाडला. ठरल्याप्रमाणे पैसे आले नाहीत म्हणून 2024 मध्ये ती मंजुरीही रद्द झाली. इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर रंगवलेल्या, लवासातल्या दासव्याच्या इमारती वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी आजही उभ्या आहेत.

म्हणून पौड, पिरंगुट, ताम्हिणीकडे प्लॉट, रिसॉर्ट, गोदाम, जे काही घेणार असाल, त्याचं टोकन देण्याआधी एक काम करा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद पाहा, आणि तो मंजुरी लागण्याइतका मोठा असेल तर केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची ईसी शोधा. मंजुरीची तारीख आणि काम सुरू झाल्याची तारीख एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहा. कामाची तारीख आधीची निघाली, तर सही करू नका. तो कागद घेऊन आधी वकिलाकडे जा.