व्हिटॅमिन डी आणि ई: गोळी गिळल्यावर पुढे काय होतं?

काही वर्षांपूर्वी साठीच्या एक काकू कंबरदुखीसाठी माझ्याकडे आल्या. जिना चढताना मांड्या भरून यायच्या, रात्री पाय दुखायचे. तपासणीत व्हिटॅमिन डी निघालं 9. (20 च्या खाली गेलं की आपण कमतरता म्हणतो.) मी 60,000 युनिटची पाकिटं लिहून दिली, आठवड्यातून एक, आठ आठवडे. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर आकडा 14. एवढ्या औषधानंतर तो बराच वर जायला हवा होता.

"एकही पाकीट चुकवलं नाही हो डॉक्टर. दर गुरुवारी, न चुकता," काकू म्हणाल्या. गुरुवार कशासाठी? तर त्या दिवशी त्यांचा उपवास असतो, त्यामुळे लक्षात राहतं. सकाळी पाकीट पाण्यात ढवळून घ्यायचं, वर कोरा चहा, दुपारी एक केळं आणि मग थेट रात्रीचं जेवण. त्यांचं काही चुकलं नव्हतं. चिठ्ठीवर मी "आठवड्यातून एकदा" लिहिलं होतं, "जेवणानंतर" लिहायचं माझ्याकडून राहिलं होतं.

हा एक शब्द एवढा का महत्त्वाचा, ते समजून घ्यायचं तर डी आणि ई ही जीवनसत्त्वं तोंडातून रक्तापर्यंत कशी पोहोचतात ते पाहावं लागेल.

तुपाची वाटी गार पाण्यात

तुपाने माखलेली वाटी नुसत्या गार पाण्याने धुऊन बघा. पाणी वरून ओघळून जातं, तूप जागचं हलत नाही. साबण लावला की मात्र तेच तूप पाण्याबरोबर निघून जातं. डी आणि ई (तसंच ए आणि के) ही जीवनसत्त्वं तुपासारखी आहेत. ती पाण्यात विरघळत नाहीत, स्निग्ध पदार्थात विरघळतात. आतड्यात मात्र सगळा कारभार पाण्याचा. म्हणून तिथेही साबण लागतो, आणि तो साबण म्हणजे पित्त.

पित्त यकृतात तयार होतं आणि पित्ताशयात साठून राहतं. जेवणातलं तेल-तूप लहान आतड्याच्या सुरुवातीला पोहोचलं की आतडं एक संप्रेरक सोडतं. त्या निरोपावर पित्ताशय आकुंचन पावतं, पित्त आतड्यात येतं, आणि शेजारच्या स्वादुपिंडातून चरबी पचवणारा रसही येतो. पित्ताने चरबीचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि त्या थेंबांत बसून डी आणि ई आतड्याच्या भिंतीपर्यंत पोहोचतात. कोऱ्या चहात किंवा केळ्यात हा निरोप जाण्याइतकी चरबीच नसते. उपाशीपोटी काहीच शोषलं जात नाही असं नाही, थोडंफार पित्त झिरपत असतंच. पण जेवणाबरोबर जे होतं ते होत नाही.

आतड्याच्या भिंतीतून आत गेल्यावरही यांची वाट वेगळी. बी आणि सी ही पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं सरळ रक्तात उतरतात आणि यकृताकडे जातात. डी आणि ई आधी चरबीच्या बारीक गोळ्यांमध्ये बांधली जातात. हे गोळे केशवाहिन्यांत शिरू शकत नाहीत इतके मोठे असतात. म्हणून ते लसिकावाहिन्यांतून छातीमार्गे वर चढतात आणि डाव्या बाजूला मानेच्या मुळाशी मोठ्या शिरेत उतरतात. म्हणजे पोटातून निघालेली गोळी यकृताला वळसा घालून आधी मानेपर्यंत जाते. शिकत असताना मला ही वाट फार अजब वाटली होती, अजूनही वाटते.

जेवणाने किती फरक पडतो?

2010 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी 17 रुग्णांना एवढंच सांगितलं की डीची गोळी दिवसातल्या सर्वांत मोठ्या जेवणाबरोबर घ्या. डोस तोच ठेवला. दोन-तीन महिन्यांत रक्तातली पातळी सरासरी पन्नास टक्क्यांहून जास्त वाढली. अभ्यास छोटा होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे हा आकडा जपूनच वापरायला हवा. नंतर 2015 मध्ये याहून काटेकोर प्रयोग झाला. 50,000 युनिटचा एकच डोस काहींना चरबी नसलेल्या जेवणाबरोबर दिला, काहींना 30 टक्के उष्मांक चरबीतून येतील अशा जेवणाबरोबर. दुसऱ्या प्रकारात रक्तातली डीची कमाल पातळी 32 टक्के जास्त आली.

यावरून चमचाभर जास्तीचं तूप खायला सुरुवात करू नका. आपलं रोजचं जेवण, म्हणजे फोडणीची भाजी, वरण, पोळीला लावलेलं तेल किंवा तूप, या कामाला पुरेसं आहे. दुपारचं की रात्रीचं, यानेही काही बिघडत नाही. पाकीट दुधातून घ्यायचं असेल तर साय काढलेलं दूध नको.

शोषण कुठे अडतं?

मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न: "माझं पित्ताशय काढलंय, मग मला डी मिळणारच नाही का?" मिळतं. पित्ताशय ही फक्त साठवणाची पिशवी आहे. ती काढली तरी यकृत पित्त तयार करतच असतं आणि ते थेट आतड्यात येत राहतं. बहुतेकांना अडचण येत नाही.

खरी अडचण येते ती पित्तनलिका तुंबली असेल, स्वादुपिंडाला जुनी सूज असेल, गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा सीलिअॅक आजार असेल किंवा वजन कमी करण्यासाठी आतड्याचा भाग वळवणारी शस्त्रक्रिया झाली असेल तर. अशा वेळी शौच फिकट, तेलकट, फार दुर्गंधीचं आणि पाण्यावर तरंगणारं होतं. हे लक्षण लाजून लपवू नका, डॉक्टरांना सांगा, कारण मग नुसता डोस वाढवून भागत नाही. ऑर्लिस्टॅट हे वजन कमी करण्याचं औषध चरबीचं पचनच रोखतं, त्यामुळे ही जीवनसत्त्वंही चरबीबरोबर बाहेर जातात. बद्धकोष्ठासाठी लिक्विड पॅराफिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचंही तेच.

डी: अजून दोन ठाणी बाकी

उन्हात त्वचेत तयार होणारं डी आतड्याच्या वाटेला जातच नाही, ते त्वचेतूनच रक्तात मिसळतं. इथे एक गैरसमज दूर करतो. लहानपणापासून आपण ऐकत आलो की सकाळचं कोवळं ऊन डीसाठी चांगलं. पण डी तयार करणारे अतिनील किरण (यूव्हीबी) सूर्य वर आल्यावरच पुरेसे पोहोचतात. साधी खूण म्हणजे तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असायला हवी. आणि खिडकीच्या बंद काचेतून आलेलं ऊन ऊब देतं, डी देत नाही.

वाट कोणतीही असो, रक्तात आलेलं डी अजून कामाचं नसतं. यकृतात त्यावर पहिली प्रक्रिया होते आणि जे रूप तयार होतं तेच लॅब मोजते. रिपोर्टवर "२५-हायड्रॉक्सी" असं लिहिलेलं असतं ते हेच. मग मूत्रपिंडात दुसरी प्रक्रिया होऊन खरं कामाचं रूप तयार होतं. ते आतड्याला कॅल्शियम ओढून घ्यायला लावतं. डी कमी असेल तर जेवणातलं जेमतेम 10 ते 15 टक्के कॅल्शियम शोषलं जातं, पुरेसं असेल तर 30 ते 40 टक्के. काकूंच्या मांड्या भरून येत होत्या, त्याचं मूळही डीच्या कमतरतेतच होतं.

मूत्रपिंड बरंच निकामी झालेल्या रुग्णाला म्हणूनच अनेकदा तयार कामाचं रूप असलेलं वेगळं औषध द्यावं लागतं. ते नेहमीच्या पाकिटाला पर्याय म्हणून कुणी स्वतःच्या मनाने घेऊ नये. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरचं फेनिटॉइन यांमुळे यकृत डीची मोडतोड जास्त वेगाने करतं. ही औषधं चालू असतील तर सांगायला विसरू नका.

उरलेलं डी शरीरातल्या चरबीत मुरतं. म्हणून तर आठवड्यातून एकदा घेऊनही चालतं. वजन जास्त असलेल्यांमध्ये तोच डोस मोठ्या चरबीत वाटला जातो आणि रक्तातला आकडा कमी दिसतो. काकूंचंही वजन जास्त होतं, त्यामुळे सगळा दोष गुरुवारच्या उपवासाला देता येणार नाही.

ई: यकृताची निवड

ईची वाट मानेपर्यंत डीसारखीच. पुढे मात्र यकृत कडक निवड करतं. ई हे एक नाव असलं तरी त्याचे आठ प्रकार आहेत. यकृतातलं एक प्रथिन त्यांतलं अल्फा-टोकोफेरॉल तेवढं निवडून रक्तात पाठवतं, बाकीचे बहुतांशी मोडून बाहेर टाकले जातात. सोयाबीन तेलात गॅमा प्रकार जास्त, करडई आणि सूर्यफुलाच्या तेलात अल्फा. आपल्याकडची जुनी करडई या बाबतीत उजवी ठरते.

ईचं काम पेशींच्या आवरणात. तेलाचा डबा उघडा राहिला की तेल खवट होतं. तसाच ऑक्सिजनचा मारा पेशीच्या आवरणातल्या चरबीवरही होत असतो. ई तो मारा स्वतःवर घेतं. 1922 मध्ये इव्हान्स आणि बिशप या शास्त्रज्ञांनी ते शोधलं, कारण ते न मिळालेल्या उंदरांच्या माद्यांना पिल्लं होईनात. टोकोफेरॉल या ग्रीक नावाचा अर्थही प्रसूतीशी जोडलेला आहे. आजही "मूल होण्यासाठी ईची कॅप्सूल" असा सल्ला कुणीतरी देतं, त्याचं मूळ त्या उंदरांपर्यंत जात असावं.

चांगलं पचन असलेल्या माणसात ईची कमतरता क्वचितच दिसते. ती होते मुख्यतः चरबी शोषली न जाणाऱ्यांत, आणि मग तोल जाणं, हातापायांची संवेदना कमी होणं अशी मज्जातंतूंची लक्षणं येतात. केस गळणं किंवा पोटऱ्यांत गोळे येणं ही ईच्या कमतरतेची खूण नव्हे. तरीही दुकानातून 400 मिलिग्रॅमची कॅप्सूल आणून महिनोन्‌महिने घेणारे पुष्कळ. रोजची गरज वेगवेगळ्या शिफारशींनुसार 7.5 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाणे, थोडे बदाम आणि रोजचं तेल यांतून भागण्यासारखी. मोठे डोस निरुपद्रवी नाहीत. पस्तीस हजारांहून अधिक पुरुषांवरच्या एका अमेरिकी चाचणीत रोज 400 युनिट ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्क्यांनी जास्त आढळला. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर मोठ्या डोसने रक्तस्राव वाढू शकतो.

साठतं, म्हणून जपून

पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं जास्त झाली तर बहुतेक लघवीवाटे जातात. डीचं तसं नाही. माझ्याकडे एका गृहस्थांना त्यांच्या मुलाने आणलं. आठ दिवसांपासून उलट्या, शौचाला साफ नाही, सारखी तहान, सारखी लघवी, आणि आता बोलण्यात असंबद्धपणा. कॅल्शियम खूप वाढलेलं, मूत्रपिंडाचं काम बिघडलेलं. घरी विचारपूस केली तेव्हा उलगडलं. आठवड्याचं पाकीट ते दीड महिना रोज घेत होते, बरोबर कॅल्शियमची गोळी होतीच. "बरं वाटत होतं, म्हणून चालू ठेवलं."

हिशेब बघा. प्रौढाची रोजची गरज साधारण 600 युनिट धरतात. म्हणजे 60,000 च्या एका पाकिटात शंभर दिवसांची गरज असते, वजनाने जेमतेम दीड मिलिग्रॅम. त्या गृहस्थांना सलाइन आणि औषधांनी बरं वाटलं, पण चरबीत मुरलेलं डी उतरायला कित्येक महिने गेले आणि तोवर दर थोड्या दिवसांनी कॅल्शियम तपासावं लागलं. तुमच्या घरात कुणी पाकिटं घेत असेल आणि यातली लक्षणं दिसत असतील, तर पाकीट थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. औषधाची रिकामी वेष्टनं बरोबर न्या, त्यावरून डोस मोजता येतो.

काकूंचं पाकीट आम्ही रविवारच्या दुपारच्या जेवणानंतर ठेवलं. पुढच्या तपासणीत आकडा 31 आला. त्यात दुसऱ्या खेपेच्या पाकिटांचाही वाटा आहे, हे खरं. आता त्या कमी डोसवर आहेत. "दर महिन्याला तपासू का?" असं त्यांनी विचारलं होतं. त्याची गरज नाही. लॅब मोजते ते रूप रक्तात निम्मं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे डोस बदलल्यावर नवी पातळी स्थिरावायला सुमारे तीन महिने जातात. त्याआधी केलेल्या तपासणीत पैसे जातात आणि आकडा अर्धवट मिळतो.