दागिन्यांना विजेने रंग : रेक्टिफायर कसा निवडावा?

बिदरची बिदरी कलाकुसर आपल्या भागात सर्वांच्या परिचयाची आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून केलेल्या भांड्यावर चांदीची जडणी होते. मग किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या मिश्रणाने धातू काळाभोर होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. तेथे रंग देणारी माती आहे. अलीकडे बाजारात टायटेनियमचे आणि ॲल्युमिनियमचे निळे, जांभळे, सोनेरी डूल दिसतात. त्यांचा रंग विजेच्या साहाय्याने चढतो. या क्रियेस ॲनोडायझिंग म्हणतात. बसवकल्याणसारख्या गावी घरच्या घरी हा उद्योग करू इच्छिणाऱ्यास पहिली अडचण पडते ती यंत्राची. यंत्र चुकले तर पैसा वाया जातो आणि जोडणी चुकली तर जीवावर बेतते. म्हणून ही निवड कशी करावी, ते येथे थोडक्यात सांगत आहोत.

प्रथम क्रिया समजून घेऊ. डूल द्रावणात बुडवून विजेच्या धन टोकास जोडतात. ऋण टोकास दुसरा पत्रा असतो. प्रवाह सुरू होताच डुलाच्या पृष्ठावर त्याच धातूच्या ऑक्साइडचा थर धरतो. सोनाराचा मुलामा याच्या उलट असतो : तेथे दागिना ऋण टोकास लावतात आणि दुसरा धातू येऊन त्यावर बसतो. सोने, चांदी, तांबे, पितळ किंवा बिदरी यांवर ॲनोडायझिंगचा हा रंग चढत नाही. तांबे-पितळ तर धन टोकास लावल्यास द्रावणात विरघळू लागते. तेव्हा यंत्र घेण्यापूर्वी धातू ठरवावा. पुढचा सारा हिशेब त्यावरच अवलंबून आहे.

टायटेनियममध्ये रंग ठरतो तो व्होल्टवर. येथे कोणताही डाय लागत नाही. पावसाळ्यात रस्त्यावरील पाण्यावर तेलाचा थेंब पसरला की सप्तरंग दिसतात. तसाच हा पातळ थराचा खेळ आहे. दर व्होल्टमागे थर सुमारे २ नॅनोमीटर वाढतो, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाख भागांपैकी दोन भाग. साधारणपणे १५ व्होल्टला तपकिरी, २० च्या सुमारास जांभळा, ३० ला निळा, ५५ ते ६० ला सोनेरी, ७५ ला गुलाबी-जांभळा आणि १०० च्या पुढे हिरवा रंग येतो. धातूच्या घासणीप्रमाणे यात फरक पडतो. म्हणून प्रत्येकाने आपल्या धातूची नमुना-पट्टी करून तिच्यावर व्होल्ट लिहून ठेवावेत. अर्थात ३० व्होल्टचे यंत्र घेणाऱ्यास सोनेरी आणि हिरवा कधीच मिळणार नाही. येथे ० ते १२० व्होल्ट हवेत. अँपिअर मात्र १ किंवा २ पुरतात, कारण थर बनताच प्रवाह आपोआप कमी होतो. चढलेला रंग व्होल्ट कमी करून मागे येत नाही. म्हणून व्होल्ट बारकाईने वाढवता येणारे आणि सुरू करताना उसळी न घेणारे यंत्र पाहावे.

ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी. त्याचा थर सच्छिद्र असतो. त्यात डाय शोषला जातो व उकळत्या पाण्याने छिद्रे मिटवतात. येथे १५ ते २० व्होल्ट पुरतात, पण अँपिअर भरपूर लागतात : दर १०० चौरस सेंटिमीटरला सुमारे १ ते दीड. उदाहरणार्थ, ३ सेंटिमीटर व्यासाच्या चकतीच्या दोन्ही बाजू मिळून १४ चौरस सेंटिमीटर होतात. असे २० जोड एका वेळी बुडवल्यास क्षेत्र ५६० भरते आणि साडेपाच ते साडेआठ अँपिअर लागतात. तेव्हा २० व्होल्ट, १० अँपिअरचे यंत्र योग्य. घरी मुलाम्याचा १२ व्होल्टचा रेक्टिफायर असेल, तर त्यावर ॲल्युमिनियमचा छोटा प्रयोग करून पाहता येईल. टायटेनियमसाठी तो उपयोगाचा नाही.

दोन्ही धातूंसाठी यंत्र डी. सी. हवे. व्होल्टचा व अँपिअरचा असे दोन स्वतंत्र खटके आणि दोन्हींचे आकडे दाखवणारे मीटर असावेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. घरातील २३० व्होल्टच्या विजेवर केवळ डायोड लावून किंवा व्हेरिॲकमागे डायोड जोडून काम भागते, असे सांगणारे भेटतात. तसे मुळीच करू नये. व्हेरिॲक व्होल्ट कमी करतो, पण घरच्या वायरिंगपासून आपल्याला अलग करत नाही. द्रावणात बोट बुडाले तरी प्राणघातक धक्का बसू शकतो. आत अलग गुंडाळ्यांचा ट्रान्सफॉर्मर असलेलेच यंत्र घ्यावे. तेही निर्धोक समजू नये. ६० व्होल्टच्या वरची डी. सी. जीव घेऊ शकते, आणि दोन टोकांना एकदम हात लागल्यास घरचा आर. सी. सी. बी. सुटेलच, असा भरवसा नाही. यंत्र बंद केल्यावाचून डूल बुडवू अगर काढू नये. रबरी हातमोजे घालावेत. पायाने दाबून धरावा लागणारा खटका बसवल्यास उत्तम : पाय उचलला की वीज बंद. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

द्रावणात मीठ कधीही घालू नये, त्यातून विषारी क्लोरीन निघतो. टायटेनियमला ट्रायसोडियम फॉस्फेटचे सौम्य द्रावण चालते. ॲल्युमिनियमला सौम्य गंधकाम्ल लागते. ते करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे. ऋण टोकाशी ज्वालाग्राही हायड्रोजन सुटतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ शेगडी नसावी.

दुकानात गेल्यावर आमच्या भगिनी-बंधूंनी किमतीआधी तीन गोष्टी विचाराव्यात : सर्वाधिक व्होल्ट किती, त्या व्होल्टला अँपिअर किती आणि आत अलग ट्रान्सफॉर्मर आहे काय? तिसऱ्याचे उत्तर स्पष्ट मिळाले नाही, तर ते यंत्र कितीही स्वस्त असो, घरी आणू नये.