शुश्रूषेंतील संशोधन

सोलापूरजवळच्या होटगी जंक्शनांत गदगकडे जाणारा लोहमार्ग मुख्य मार्गापासून वेगळा होतो. शुश्रूषेच्या व्यवसायांतही असाच एक फांटा आहे. आपल्या घरांतून त्याची फारशी चर्चा होत नाहीं. तो म्हणजे संशोधनाचा.

होटगीच्या एखाद्या घरांतील मुलीनें हा विचार बोलून दाखविला, तर वडील मंडळी सहज विचारतील, "संशोधन डॉक्टरांनीं करावें, परिचारिकेनें काय शोधावयाचें?" प्रश्न रास्त आहे. परंतु निदान डॉक्टरांचें असलें, तरी रोग्यापाशीं अहोरात्र असते ती परिचारिकाच. अंथरुणास खिळलेल्या वृद्धाची कूस किती तासांनीं पालटावी, म्हणजे पाठीस व्रण पडणार नाहींत? असल्या प्रश्नांचीं उत्तरें अनुमानानें नव्हे, मोजून पाहिल्यानेंच मिळतात.

क्रिमियाच्या युद्धांत सैनिक जखमांपेक्षां टाळतां येण्याजोग्या रोगांनींच अधिक दगावले, हें फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८५८ मध्यें आंकडे व आकृत्या मांडून दाखविलें. २००२ मध्यें लिंडा एकेन या परिचारिका-संशोधिकेनें व तिच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हानियाच्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परिचारिकेमागें एक रोगी वाढला, कीं शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याच्या तीस दिवसांतील मृत्यूचा संभव सात टक्क्यांनीं वाढलेला त्यांस आढळला. परिचारिका किती नेमाव्या, हा केवळ खर्चाचा प्रश्न नाहीं, हें यावरून उमगतें.

आपल्याकडे १९०९ मध्यें रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं पुण्यास सेवासदन उभें राहिलें आणि विधवा भगिनींस परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मिळाली. आज ती वाट बरीच लांबली आहे : बारावीनंतर चार वर्षांची पदवी, पुढें दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आणि मग पीएच.डी. नाशिकचें आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्यें स्थापन झाल्यानें महाराष्ट्रांतच हें शिक्षण एका छत्राखालीं आलें.

वर्षें पुष्कळ जातात, हें खरें. विवाहाची चिंता वडिलांस वाटणारच. परंतु मुलीचा कल खरा आहे कीं नाहीं, हें घरींच पाहतां येतें. आजीच्या आजारपणांत तिच्या हातीं एक वही द्यावी. वेळ, उपाय व परिणाम तिनें रोज टिपावे. महिनाभरानें ती वही वाचून पाहावी आणि मगच होकार वा नकार द्यावा.