सहलीच्या पिशवीतले इन्सुलिन

दिवाळीची सुट्टी संपली की नाशिकच्या शाळांमध्ये सहलींचे बेत सुरू होतात. अशाच एका बेताच्या वेळी एका शिक्षिकेने आम्हाला विचारले, "आठवीतल्या एका मुलीला मधुमेह आहे. तिला दिवसातून चार वेळा इन्सुलिन घ्यावे लागते. अलिबागची तीन दिवसांची सहल आहे आणि बसमध्ये काही फ्रीज नाही. तिला न्यावे की नाही?"

फ्रीज नाही म्हणून मुलीला घरी ठेवायचे का? उत्तर देण्याआधी आपण इन्सुलिनकडेच जरा बारकाईने पाहू.

इन्सुलिन हे एक छोटे प्रथिन आहे. २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या एकमेकींना जोडून त्याचा रेणू तयार होतो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. १९२२ साली टोरांटोत १४ वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिन टोचण्यात आले. त्याआधी असा मधुमेह झालेली मुले फार काळ जगत नसत. त्यामुळे प्रवासात हे औषध खराब होणे ही साधी गोष्ट नव्हे.

ते खराब का होते? कोणत्याही प्रथिनाचे काम त्याच्या घडीवर अवलंबून असते. अंडे उकडल्यावर त्याचा पारदर्शक भाग पांढरा व घट्ट होतो, कारण त्यातील प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि ती एकमेकांत गुंततात. इन्सुलिनचेही असेच काहीसे होते, पण सावकाश. उष्णतेने आणि सतत हलण्याने त्याचे रेणू उलगडतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे सूक्ष्म तंतू बनतात. असे इन्सुलिन टोचले तरी साखर पुरेशी उतरत नाही.

'सावकाश' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची, ती महिनोन्‌महिने टिकावी म्हणून. वापरात असलेली बाटली मात्र बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांखाली सुमारे ४ आठवडे चालते. नेमकी मर्यादा वेष्टनावर छापलेली असते. केनियातील निर्वासितांच्या एका छावणीत घरांमधले तापमान २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान वरखाली होते. तसेच चढउतार प्रयोगशाळेत ४ आठवडे देऊन इन्सुलिन तपासले, तेव्हा थंड ठेवलेल्या इन्सुलिनच्या तुलनेत त्याच्या क्षमतेत १ टक्क्याहून अधिक फरक आढळला नाही. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे हिवाळ्यातल्या तीन दिवसांसाठी फ्रीज लागत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद बसमध्ये मात्र तापमान याच्या बरेच वर जाते. म्हणून औषधाची पिशवी बसमध्ये सोडून किल्ला पाहायला जायचे नाही, ती बरोबर न्यायची.

उन्हाळ्यात काय करावे? चैत्रात खानदेशातून सप्तशृंगगडाला पायी निघालेल्या मधुमेही यात्रेकरूंपुढे हाच प्रश्न असतो. त्याचे उत्तर आपल्या माठात आणि जुन्या छागलीत आहे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेते. एका ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी. मात्र वाफ किती वेगाने होईल, हे हवा किती कोरडी आहे त्यावर ठरते. तापमान ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओले फडके जवळजवळ २३ अंशांपर्यंत उतरू शकते. तापमान ३२ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर तेच फडके २८ अंशांच्या आसपास थांबते. म्हणून नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती छान चालते, पण कसारा घाट उतरून कोकणच्या दमट हवेत शिरलो की तिचा जोर कमी होतो.

बाटली आधी छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालावी, तिच्याभोवती ओले सुती फडके गुंडाळावे आणि ते सावलीत, वारा लागेल असे ठेवावे. बंद डब्यात कोंडले तर वाफ जाणार कुठे? हे वर्गातही करून पाहता येईल. दोन तापमापक घ्या, एकाच्या फुग्याला ओले कापड बांधा आणि दर महिन्याला दोघांमधील फरक नोंदवा.

काळजीपोटी होणारी एक चूक म्हणजे बाटली थेट बर्फावर ठेवणे. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर जसेच्या तसे दिसले तरी वापरायचे नसते. बर्फाचा थर्मास न्यायचाच असेल तर बर्फ आणि बाटली यांच्यात टॉवेलची जाड घडी हवी. विमानप्रवासात औषध खालच्या सामानात न देता हातातल्या पिशवीत ठेवतात, त्याचेही हेच कारण आहे.

पाण्यासारखे दिसणारे इन्सुलिन गढूळ झाले, किंवा कोणत्याही इन्सुलिनमध्ये गुठळ्या दिसल्या, तर ते टाकून द्यावे. पण खराब इन्सुलिन नेहमी दिसून येतेच असे नाही. नेहमीच्या मात्रेने साखर उतरेनाशी झाली तर नवी बाटली उघडावी आणि डॉक्टरांना विचारावे. यासाठी दुप्पट साठा दोन वेगळ्या पिशव्यांत हवा.

सिरिंजही घरूनच न्याव्यात. आपल्याकडे दर मिलिलिटरला ४० एककांच्या आणि १०० एककांच्या अशा दोन्ही बाटल्या मिळतात आणि त्यांच्या सिरिंज वेगळ्या असतात. १०० च्या बाटलीतले औषध ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत ओढले तर किती एकके होतील? पाव मिलिलिटर, म्हणजे २५ एकके. अडीचपट!

शेवटी शिक्षकांसाठी सर्वांत महत्त्वाचे. सहलीत धोका फ्रीज नसण्याचा कमी आणि साखर एकदम उतरण्याचा जास्त. खूप चालणे झाले, जेवणाला उशीर झाला, की घाम, थरथर, भूक, चिडचिड, गोंधळलेपण दिसू लागते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि नंतर काही खायला द्यावे. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे. साखरेची पुडी प्रत्येक शिक्षकाच्या खिशात हवी.

त्या शिक्षिकेला आम्ही इतकेच सांगितले, "तिच्या डॉक्टरांना विचारून मात्रा लिहून घ्या आणि तिला न्या." ती मुलगी अलिबागला जाऊन आली. बसमध्ये तिच्या पिशवीची जागा खिडकीपासून दूर, बाईंच्या शेजारी होती.